माँट्रियलमधील एक सत्र

फ्रेंच आत्मसात करण्याच्या उमेदीने माँट्रियलच्या विद्यापीठात एका सत्रापुरता दाखल होणारा परदेशी विद्यार्थी पहिल्याच आठवड्यात चकतो. दुकानात पाऊल टाकताच ‘बाँझूर-हाय’ असे जोडस्वागत कानी पडते. त्याने अडखळत फ्रेंच वाक्य जुळवावे, तर विक्रेता इंग्रजीत उत्तर देतो. हे सौजन्यच त्याच्या शिक्षणाच्या मुळावर येते.

क्वेबेक प्रांताने १९७७ साली कायद्याने फ्रेंचला कारभाराची आणि व्यापाराची भाषा ठरविले. तरीही २०१७ च्या नोव्हेंबरात प्रांतिक विधानसभेला एकमताने ठराव करून दुकानदारांना केवळ ‘बाँझूर’ म्हणण्याची विनंती करावी लागली! भोवती इंग्रजीचा महासागर असता ही धास्ती अनाठायी म्हणता येत नाही. २०२३ साली सरकारने इंग्रजी विद्यापीठांत येणाऱ्या कॅनडातीलच परप्रांतीय विद्यार्थ्यांचे शुल्क वाढविण्याचे ठरविले; २०२५ साली न्यायालयाने ती वाढ अवाजवी ठरविली. शुल्काने भाषा येत नाही, हे कळण्यास न्यायालयाची गरज नव्हती.

१८२१ साली स्थापन झालेल्या मॅकगिल विद्यापीठात अध्यापन इंग्रजीतच चालते. तेथे चार महिने फ्रेंचचा शब्दही न उच्चारता सहज निघून जातात. शहाणा विद्यार्थी शहराच्या पूर्व भागात, फ्रेंचभाषक वस्तीत बिऱ्हाड करतो, आणि विक्रेता इंग्रजीकडे वळला तरी आपली मोडकी फ्रेंच सोडीत नाही.