पिछाडीची बाल्कनी खोली
पिछाडीची बाल्कनी खोली म्हणजे पर्यटन जहाजाच्या मागील टोकाला असलेली, मागच्या दिशेने समुद्राकडे उघडणारी खोली. जहाजामागे पाण्यावर उमटणारा फेसाळ पट्टा येथून थेट दिसतो. जहाज पुढे जात असताना पुढील बांधकामाच्या आडोशामुळे वाराही सहसा कमी लागतो.

लाटांमुळे जहाज पुढे-मागे झुलते. ही हालचाल मध्यभागी सर्वांत कमी, तर टोकांना अधिक असते. त्यामुळे बोट लागणाऱ्या प्रवाशांना मध्यभागातील खालच्या मजल्यावरील खोली सोयीची ठरते. पिछाडीच्या खालच्या मजल्यांवर प्रोपेलरची कंपनेही जाणवू शकतात. पायऱ्यांसारखी रचना असल्यास बाल्कनीत वरून डोकावता येते. २००९ साली सेवेत आलेल्या ‘ओएसिस ऑफ द सीज’च्या पिछाडीला खुले जलनाट्यगृह असून तेथील काही बाल्कन्यांतून रंगमंच दिसतो. म्हणून खोली निवडताना मजल्यांचा आराखडा महत्त्वाचा ठरतो.