दोष हाताचा की दांडीचा?

दिवाळीचा बोनस हाती पडला की घरातल्या मुलांची यादी तयारच असते. पूर्वी त्या यादीत सायकल, मनगटी घड्याळ आणि फार तर एखादी पेटी असे. आता त्यांच्या जोडीला गिटारही येऊन बसली आहे. गेली बावीस वर्षे मी गिटारचे वर्ग चालवतो आहे. दरवर्षी भाऊबीज आटोपली की नव्या कोऱ्या गिटारी पाठीला लावून मुले येतात, आणि संक्रांतीच्या आत त्यांतली बरीचशी येईनाशी होतात. चौकशी करावी तर उत्तर ठरलेले असते. मुले म्हणतात, "बोटे पुरत नाहीत." आईवडील म्हणतात, "हातच लहान आहे हो त्याचा!"

या बिचाऱ्या लहान हाताचे वकीलपत्र आज मी घेतले आहे. कारण बावीस वर्षांत माझ्यासमोर जे हात आले, त्यांतले खरोखर गिटारला नालायक असे फारच थोडे होते. बाकीच्यांच्या बाबतीत आरोपी निराळाच होता. तो म्हणजे गिटारची दांडी.

गिटारच्या पोटापासून खुंट्यांपर्यंत जो लांब भाग जातो, त्याला इंग्रजीत 'नेक' म्हणजे मान म्हणतात. आपण सतारीवरून त्याला दांडी म्हणू. डाव्या हाताचा सारा संसार या दांडीवर चालतो. चार बोटे पुढून तारा दाबतात आणि अंगठा मागून आधार देतो. म्हणजे दांडी ही एक प्रकारे मुठीत धरायची वस्तू आहे. अशा वस्तूला तीन मापे असतात: रुंदी किती, जाडी किती आणि पाठीचा आकार कसा. चौथे माप तारेच्या लांबीचे. गंमत अशी, की गिटार घ्यायला गेलेले गिऱ्हाईक रंग पाहते, चकाकी पाहते, किंमत तर पाहतेच पाहते. पण ही चार मापे कोणी विचारीत नाही. चप्पल घेताना मात्र आपण दुकानात दोन फेऱ्या मारून पाहतो!

प्रथम रुंदी घेऊ. दांडीच्या वरच्या टोकाला, तारा जिथून खुंट्यांकडे जातात तिथे, हाडाची किंवा प्लॅस्टिकची एक खाचा पाडलेली पट्टी असते. तिला 'नट' म्हणतात. (रंगभूमीवरच्या नटाशी याचा संबंध नाही, हा आयुष्यभर एकाच जागी उभा असतो.) रुंदी मोजायची ती या नटापाशी. नायलॉनच्या तारांच्या स्पॅनिश शास्त्रीय गिटारीत ती साधारण ५२ मिलिमीटर असते. पोलादी तारांच्या गिटारीत ४३ ते ४५, आणि पुष्कळशा विजेच्या गिटारींत ४२च्या आसपास. एक सेंटिमीटरचा तर फरक, असे वाटेल. पण सहा तारा तेवढ्यातच बसवायच्या असतात. ५२च्या दांडीवर दोन तारांमध्ये सुमारे साडेआठ मिलिमीटर अंतर पडते, ४३च्या दांडीवर सातच. ज्याची बोटे जाड, त्याचे बोट अरुंद दांडीवर शेजारच्या तारेला लागते आणि स्वर मुका होतो. ज्याची बोटे आखूड, त्याला रुंद दांडीवर सहाव्या तारेपर्यंत पोचताना मनगट मुरडावे लागते. एकाचे औषध ते दुसऱ्याचे दुखणे, असा हा प्रकार आहे.

रुंद म्हणजे वाईट असेही समजू नये. आपली सतार पाहा. तिची दांडी गिटारच्या दीडपट रुंद, तरी कोणी कुरकुर करीत नाही. कारण तिथे काम निराळे आहे. मुख्य वाजती तार एका कडेला असते, पडद्यांवर मुख्यतः दोनच बोटे धावतात आणि मींडेसाठी तार आडवी ओढायला ती रुंदी लागतेच. गिटारमध्ये चार बोटांना एकाच वेळी चार ठिकाणी उभे राहायचे असते. शास्त्रीय गिटारवादकाला उजव्या हाताची प्रत्येक बोटे सुटी चालवायची असतात, म्हणून त्याला ऐसपैस तारा हव्यात. गाण्याच्या साथीला नुसते ठेके धरणाऱ्याला त्या जवळ असल्या तर सोयीच्या.

आता जाडी आणि पाठ. दांडीची पाठ निरनिराळ्या घाटांची असते, आणि गिटारवाले त्या घाटांना इंग्रजी अक्षरांची नावे देतात. 'सी' म्हणजे साधी गोलाई. 'डी' म्हणजे पाठ चपटी आणि कडा भरलेल्या. 'यू' म्हणजे जाडजूड, मूठ भरून टाकणारी. 'व्ही' म्हणजे होडीच्या तळासारखी मधोमध कणा असलेली. यात एक घोटाळाही आहे. अमेरिकेची फेंडर कंपनी १९६०च्या दशकात आपल्या दांड्यांवर ए, बी, सी, डी अशी अक्षरे उमटवीत असे, पण ती अक्षरे रुंदीची होती: ए म्हणजे दीड इंच, सी म्हणजे पावणेदोन इंच. त्यामुळे जुन्या गिटारीवरचे 'सी' आणि आजच्या जाहिरातीतले 'सी' यांत गल्लत करू नये.

दांडी बारीक असेल तर लहान हाताला बरी, हे ढोबळ मानाने खरे. पण मोठ्या पंजाच्या माणसाला फार बारीक दांडी दिली तर अंगठ्याला टेकायला जागा उरत नाही. तो नकळत चिमटीत धरल्यासारखी दांडी दाबू लागतो आणि अर्ध्या तासात अंगठ्याचे मूळ ठणकू लागते. जाड दांडीवर त्याच माणसाचा हात सैल पडतो.

तीन वर्षांपूर्वी आठवीतली एक मुलगी वडील आणि आजीबरोबर माझ्याकडे आली. आधी ती दुसऱ्या एका ठिकाणी चार महिने शिकली होती आणि तिथे 'हिचा हात गिटारचा नाही' असा निकाल मिळाला होता. गिटार कपाटावर जाऊन बसली होती. वडिलांनी हलक्या आवाजात विचारले, "सर, खरे सांगा, हिच्या हातात काही आहे का? नसेल तर उगाच तिला आशा लावायची नाही." मुलगी खाली मान घालून आपलीच बोटे पाहत होती. तेरा वर्षांच्या पोरीने स्वतःच्या हातांकडे असे पाहावे, हे मला बघवेना.

गिटार पाहिली. पुऱ्या मापाची शास्त्रीय गिटार, नटापाशी ५२ मिलिमीटर, पाठ जाड, तारेची लांबी ६५० मिलिमीटर. स्पेनचा विख्यात कारागीर आंतोनियो दे तोरेस (१८१७-१८९२) याने गिटारला जो घाट दिला, त्यातले हे माप. मोठ्या माणसासाठी उत्तम. पण त्यात नटापासून चौथ्या पडद्यापर्यंतचे अंतर १३४ मिलिमीटर भरते, आणि तेवढ्या टापूत चार बोटे पसरायची असतात.

मी कॅपो नावाचा चिमटा काढला आणि दुसऱ्या पडद्यावर लावला. हा चिमटा सगळ्या तारा एकदम दाबून धरतो, म्हणजे गिटार तेवढी आखूड होते. हिशेब करून पाहा: ६५०ची तार दुसऱ्या पडद्यावर बांधली की ५७९ मिलिमीटर उरते. मुलांसाठी जी पाऊण मापाची गिटार मिळते, तिची तार बहुधा इतकीच असते. चार पडद्यांचे अंतर १३४वरून ११९वर येते. शिवाय तारा थोड्या खाली येतात, दाबायला हलक्या होतात. दांडी तिथे थोडी रुंद असते खरी, पण बाकीच्या नफ्यापुढे तो तोटा जाणवत नाही. मग मी तिला म्हटले, "आता तोच जुना स्वरमेळ धर, जो लागत नव्हता." तिने धरला. सहाच्या सहा नाही, पण पाच तारा स्वच्छ बोलल्या. तिने पुन्हा छेडून पाहिले. मग आणखी एकदा.

आजीबाई इतका वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "अहो मास्तर, हे तर लाटण्यासारखंच झालं. माझं लाटणं मधे फुगीर, जड. सूनबाई आली ती आपलं बारीक लाटणं घेऊन आली. माझ्या लाटण्यावर तिच्या पोळ्या कडेला जाड राहायच्या. पण म्हणून तिला पोळ्या येत नाहीत असं कोणी म्हटलं नाही!" बावीस वर्षे मी जे समजावून सांगतो आहे, ते त्या माउलीने चार वाक्यांत सांगितले.

मुलीने वर्षभर पाऊण मापाची गिटार वापरली. आता ती ४८ मिलिमीटर रुंदीची, जरा बारीक पाठीची गिटार वाजवते. ती मोठी कलावंत होईल की नाही, हे मी सांगू शकत नाही. पण कपाटावरची गिटार खाली आली आणि मान वर झाली, एवढे मला पुरे आहे.

येथे कोणी विचारील, की मग या दांड्या निरनिराळ्या झाल्याच कशाला? त्याचे उत्तर तारांच्या ओढीत आहे. पोलादाच्या सहा तारा मिळून दांडीला सुमारे ७० किलो वजनाची ओढ देतात; एक भरला माणूस दांडीला लोंबकळावा तशी. नायलॉनच्या तारांची ओढ ४० किलोच्या आसपास. नुसत्या लाकडाने ७० किलो सोसायचे, तर दांडी जाड ठेवणे आलेच. अमेरिकेत गिब्सन कंपनीतील थॅडियस मॅकह्यू याने दांडीच्या पोटात बसवायच्या पोलादी सळईची युक्ती काढली. १९२१ साली त्याने अर्ज केला आणि १९२३ साली त्याला पेटंट मिळाले. सळई पिळून दांडीचा बाक कमीजास्त करता येऊ लागला आणि दांडी बारीक करायला कारागिराला मोकळीक मिळाली. म्हणजे जाड दांडी हा पूर्वी लाकडाचा नाइलाज होता. वादकाच्या हाताची परीक्षा घ्यावी म्हणून कोणी ती जाड केली नव्हती.

एका प्रकारच्या गिटारीत तर हा प्रश्नच उद्भवत नाही. हवाईयन गिटार मांडीवर आडवी ठेवतात आणि तारांवरून पोलादी तुकडा फिरवतात. मुठीत काही धरायचेच नसल्याने तिची दांडी चौकोनी असली तरी चालते. ब्रिजभूषण काबरा यांनी याच जातीच्या गिटारीवर राग वाजवले. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबरची त्यांची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही १९६७ सालची ध्वनिमुद्रिका पुष्कळ घरांत अजून जपून ठेवलेली असेल.

"ज्याला वाजवायचेच आहे, तो कशावरही वाजवतो," असे म्हणणारे भेटतात, आणि ते जँगो राइनहार्टचे उदाहरण देतात. १९२८ साली, अठराव्या वर्षी, त्याच्या राहत्या गाडीला आग लागून डाव्या हाताची दोन बोटे जवळजवळ निकामी झाली. उरलेल्या दोन बोटांवर तो जगातला थोर गिटारवादक झाला. त्याला माझा नमस्कार. पण म्हणून आपण आपल्या मुलांची बोटे बांधून शिकवणी घेत नाही! उलट योसेफ हॉफमनकडे पाहा. पियानोच्या इतिहासातले हे एक मोठे नाव. त्याचे हात लहान होते, म्हणून स्टाइनवे कंपनीने त्याच्यासाठी जरा अरुंद पट्ट्यांचे पियानो बनवून दिले. एवढ्या थोर माणसाने वाद्य हाताजोगे करून घेतले, तर आपल्या पिंट्याने आणि छकुलीने का घेऊ नये?

आता दुकानात गेल्यावर काय करावे ते सांगतो. ज्याला वाजवायचे आहे त्याला बरोबर न्या. गिटार ही गुपचूप आणून चकित करण्याची भेट नव्हे. त्याला बसवा. डावा हात दांडीखाली घालून अंगठा पाठीच्या मध्यावर टेकवायला सांगा आणि चारही बोटे पहिल्या चार पडद्यांवर एकेक ठेवू द्या. मनगट मुरडत असेल, खांदा वर चढत असेल, तर ती गिटार खाली ठेवा, मग तिचा रंग कितीही मोहक असो. एकाच किमतीच्या निदान तीन दांड्या धरून पाहा. 'अर्धी' आणि 'पाऊण' या शब्दांवर विसंबू नका. पाऊण गिटारीची लांबी पुऱ्या गिटारीच्या पाऊणपट नसते, बरीच जास्त असते. त्यापेक्षा सरळ तारेची लांबी विचारा.

घरी गिटार आधीच असेल तर ती लगेच मोडीत काढू नका. दांडीच्या नावावर खपणारे निम्मे दुखणे तारांच्या उंचीचे असते. नटाच्या खाचा उथळ राहिल्या असतील तर पहिल्या पडद्यापाशी तार दाबताना पैलवानाचीही बोटे दुखतील. चांगला दुरुस्तीकार त्या खाचा थोड्या घासून देतो. बैठकही सुधारा: डाव्या पायाखाली लहान पाट घेऊन गिटार डाव्या मांडीवर घेतली आणि दांडीचे टोक वर केले, की मनगट आपोआप सरळ होते. सुरुवातीला बोटांची टोके हुळहुळतात; ते दोन-तीन आठवड्यांत जाते. मनगट दुखत राहिले किंवा बोटांना मुंग्या येऊ लागल्या, तर मात्र वाजवणे थांबवून डॉक्टरांना हात दाखवावा.

मूल एखादी कला सोडून देते तेव्हा घरात फारसे कोणी हळहळत नाही. वस्तू माळ्यावर जाते आणि विषय संपतो. पण 'मला जमत नाही' हे वाक्य माळ्यावर जात नाही. ते मुलाबरोबर गणिताच्या तासाला जाते, पोहण्याच्या तलावावर जाते, पुढे नोकरीच्या मुलाखतीलाही जाते. म्हणून ते वाक्य पक्के होण्यापूर्वी एवढे करा: एक मोजपट्टी घ्या आणि दांडी मोजा.