फरकाचा हिशेब

२०२१ च्या उन्हाळ्यात घरोघरी एक आकडा नांदायला आला होता. बोटाला चिमटा लावायचा आणि सगळ्यांनी श्वास रोखून पाहत बसायचं. ९४ च्या खाली गेला की डॉक्टरांना फोन.

हा चिमटा ज्यांच्या डोक्यातून निघाला, ते जपानी इंजिनिअर ताकुओ आओयागी त्याच साथीच्या सुरुवातीला, एप्रिल २०२० मध्ये, ८४ व्या वर्षी वारले. सत्तरच्या दशकात निहोन कोहदेन कंपनीत ते हृदय किती रक्त फेकतं ते मोजत होते. रक्तात रंग सोडायचा, कानाच्या पाळीतून प्रकाश पाठवायचा आणि रंग कसा विरळ होतो ते पाहायचं. पण नाडीच्या ठोक्यागणिक आलेख थरथरे. ती थरथर घालवायला त्यांनी दोन तऱ्हेचे प्रकाश घेऊन वजाबाकी मांडली. रक्तातला प्राणवायू घटला की तीही चुके. आम्ही बँकवाले ताळा जमला नाही की फरक ‘सस्पेन्स’ खात्यात टाकून घरी जायचो. आओयागींनी त्या फरकातच प्राणवायूचा हिशेब वाचला. साल १९७४.

प्राणवायूने भरलेलं रक्त तांबडा प्रकाश जास्त सोडतं, अवरक्त प्रकाश जास्त शोषतं. प्राणवायू उतरला की उलट. कातडी, हाड जागच्या जागी. ठोक्याबरोबर हलतं ते रोहिणीतलं रक्त. तेवढंच यंत्र धरतं.

म्हणजे कातडीचा रंग हिशेबातून आपोआप वजा व्हायला हवा. होत नाही. डिसेंबर २०२० मध्ये मिशिगनच्या डॉक्टरांनी दाखवलं की यंत्र ९२ ते ९६ सांगत असताना रोहिणीतल्या रक्तात प्रत्यक्षात ८८ हूनही कमी निघालं, असं गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के वेळा घडलं आणि कृष्णवर्णीयांत ११.७ टक्के वेळा. चिमटा प्राणवायू मोजत नाही, प्रकाशाच्या गुणोत्तरावरून अंदाज सांगतो. आणि तो अंदाज बसवला जातो निरोगी माणसांच्या रक्ताशी ताडून. त्यांत काळीसावळी माणसं मोजकीच असत. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा चाचण्यांत सगळ्या वर्णांची माणसं घ्या, असा मसुदा काढला तो जानेवारी २०२५ मध्ये!

आपण सावळ्यांनी हे ध्यानात ठेवलेलं बरं. नखाला गडद रंग असला, हात गार पडले असले तरी आकडा फसवतो. आणि माणसाला धाप लागली असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर चिमटा ९५ म्हणो की ९६, डॉक्टरांना गाठावं. बरं असतानाचा आपला आकडाही ठाऊक असावा, म्हणजे उतार कळतो. आमच्या दुधाच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवलाय : मी ९७, ही ९८.