रात्री किती वेळा उठता? ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नका

“रात्री लघवीला किती वेळा उठता?” असे विचारले की घरातली वडीलधारी माणसे हसून सांगतात, “तीन-चारदा उठावे लागतेच. वय झाले आता.” आयाबाया तर हा विषय डॉक्टरांपुढेही काढत नाहीत. लाज वाटते, आणि ‘याला कसले औषध?’ असेही वाटते.

वयाने थोडा फरक पडतो हे खरे. रात्री एकदा उठावे लागले तर काळजीचे कारण नाही. पण रोज दोन किंवा त्याहून जास्त वेळा झोप मोडत असेल, तर त्यामागे काहीतरी कारण असते आणि बहुतेक कारणांवर उपाय असतो. मधुमेह, हृदयाचा अशक्तपणा, किडनीचा विकार हे आजारही कधी कधी रात्रीच्या लघवीतूनच पहिल्यांदा कळतात. म्हणून या तक्रारीकडे निरोप म्हणून पाहावे. निरोप कोणाचा आहे, ते शोधून काढायचे.

वस्तीतली अडचण वेगळी

नगर रस्त्यावरची वाघोली २०२१ साली पुणे महापालिकेत आली. एकीकडे उंच सोसायट्या, दुसरीकडे दगडखाणी आणि बांधकामे. आपली बरीच माणसे खाणीवर, बांधकामावर, सोसायटीच्या गेटवर वॉचमन म्हणून किंवा धुण्याभांड्यांच्या कामाला आहेत. पाणी अनेक ठिकाणी टँकरचे. ज्यांच्या घरात संडास नाही त्यांना रात्री सार्वजनिक संडासापर्यंत जावे लागते. वाटेत अंधार, मोकाट कुत्री आणि बाईमाणसाला भीती. मग सोपा मार्ग काढला जातो : दुपारनंतर पाणीच प्यायचे नाही आणि लघवी दाबून धरायची.

यामुळे त्रास वाढतो. पाणी कमी पडले की लघवी घट्ट होते, जळजळ होते, जंतू वाढतात, मुतखडा होण्याची शक्यता वाढते. जंतुसंसर्ग झाला की थेंब थेंब लघवीसाठी पुन्हा पुन्हा उठावे लागते. २०११ साली मुंबईत महिलांनी ‘राइट टू पी’ ही मोहीम सुरू केली, ती याच कारणासाठी. स्वच्छ, जवळचा आणि उजेडातला संडास हा आरोग्याचाच प्रश्न आहे.

आधी तीन दिवसांची वही

डॉक्टरांकडे जाण्याआधी तीन दिवस एक वही ठेवा. मापाच्या खुणा असलेला प्लास्टिकचा मग घ्या. लघवीला गेल्यावर वेळ आणि माप लिहा. पाणी, चहा किती वाजता प्यालात तेही लिहा. कामामुळे दिवसा मोजणे जमत नसेल तर सुट्टीचे दिवस निवडा. लिहिता येत नसेल तर घरातल्या मुलांना लिहायला सांगा.

मोठ्या माणसाला २४ तासांत साधारण १ ते २ लिटर लघवी होते. लघवीच्या पिशवीत एका वेळी ३०० ते ५०० मिली मावते. झोपल्यापासूनची सगळी लघवी आणि सकाळी उठल्यावरची पहिली लघवी मिळून ‘रात्रीची लघवी’ धरायची. वहीवरून पुढीलपैकी एक चित्र दिसते :

१. दिवसरात्र मिळून लघवी फारच जास्त, म्हणजे अडीच-तीन लिटरच्या वर.

२. एकूण लघवी बेताची, पण तिचा मोठा भाग रात्री. समजा दिवसभराची १८०० मिली आणि त्यातली ९०० रात्रीची. उतारवयात एक तृतीयांशापर्यंत रात्री होणे ठीक, निम्मी होणे ठीक नाही.

३. एकूण लघवी बेताची, पण दर वेळी थोडी थोडी, १०० मिली किंवा त्याहून कमी.

काहींच्या बाबतीत दोन कारणे एकत्र असतात. तरीही ही वही पाहून डॉक्टरांचे निम्मे काम होते.

दिवसरात्र जास्त होत असेल तर

पहिला संशय मधुमेहाचा. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की किडनी ती अडवू शकत नाही. साखर लघवीत उतरते आणि आपल्यासोबत पाणी ओढून नेते. म्हणून लघवी वाढते, तहान लागते, वजन उतरते. उपाशीपोटी साखर १२६ किंवा जास्त, अथवा तीन महिन्यांच्या सरासरीची (एचबीएवनसी) तपासणी ६.५ किंवा जास्त आली तर मधुमेह समजतात. साखर आटोक्यात आली की रात्रीचे उठणेही कमी होते.

मधुमेह झाला म्हणून लाजण्यासारखे काही नाही. बाबासाहेबांनाही मधुमेह होता. घटनेचे काम चालू होते त्या वर्षांत पायांच्या दुखण्यानेही ते बेजार होते. १९४८ पासून डॉ. माईसाहेब त्यांचे औषधपाणी आणि पथ्य सांभाळत होत्या. आपल्याला तपासणी आणि औषध आज घराजवळ मिळते, त्याचा उपयोग करावा.

विदर्भातून आलेल्या कुटुंबांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तिकडे आदिवासी समाजासोबत आपल्या समाजातही सिकलसेल आढळतो. या आजारात किडनीची लघवी घट्ट करण्याची ताकद कमी होते. त्यामुळे रात्री उठावे लागते आणि मुले मोठी झाली तरी अंथरूण ओले करतात. अशा मुलाला रागावू नका, मारू नका, त्याची सिकलसेल तपासणी करून घ्या. सिकलसेलच्या रुग्णाचे पाणी तर कधीच तोडायचे नाही. शरीरातले पाणी कमी झाले की वेदनेचा झटका येऊ शकतो.

फक्त रात्रीच जास्त होत असेल तर

संध्याकाळी घोटे पाहा. बोटाने दाबल्यावर खड्डा पडतो का? दिवसभर उभ्याने किंवा खुर्चीत पाय लोंबकळत ठेवून काम केले की पाणी पायांत उतरते. रात्री आडवे झाल्यावर ते पाणी पुन्हा रक्तात येते आणि किडनी ते बाहेर टाकते. वॉचमन आणि उभ्याने काम करणाऱ्यांमध्ये हे होऊ शकते. बीपीच्या काही गोळ्यांनीही पायांना सूज येते. मात्र गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. सुजेसोबत चालताना दम लागत असेल किंवा उशा उंच केल्याशिवाय झोप येत नसेल, तर हृदयाची आणि किडनीची तपासणी लवकर व्हायला हवी.

जोरात घोरणे, झोपेत श्वास अडकणे आणि दिवसा पेंग येणे हेही एक कारण आहे. झोपेत श्वास अडकला की हृदयावर ताण येतो आणि त्यातून लघवी वाढवणारा स्राव सुटतो. रात्रीचा चहा, दारू, खूप खारट जेवण यांनीही रात्रीची लघवी वाढते. रात्रपाळी करणाऱ्यांनी आपली ‘रात्र’ म्हणजे झोपेची वेळ समजून हिशेब करावा.

थोडी थोडी, वारंवार होत असेल तर

जळजळ, ओटीपोटात दुखणे, वास, ताप असे असेल तर जंतुसंसर्ग असू शकतो. लघवी तपासून डॉक्टर सांगतील तेवढे दिवस औषध पूर्ण घ्या. औषधाने बरे न होणारी जळजळ, लघवीतून रक्त आणि वजन उतरणे यांमागे लघवीच्या मार्गाचा टीबीही असू शकतो.

पन्नाशीनंतर पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी वाढते. धार बारीक होते, सुरू व्हायला वेळ लागतो, पिशवी पूर्ण रिकामी होत नाही. सगळ्यांनाच ऑपरेशन लागते असे नाही, अनेकांना गोळ्यांनी आराम पडतो. प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी सर्दीची गोळी मेडिकलमधून परस्पर घेऊ नये, काही गोळ्यांनी लघवी पूर्ण अडकते.

बायकांमध्ये बाळंतपणानंतर सैल पडलेले स्नायू, पाळी गेल्यानंतरचा कोरडेपणा, अंग बाहेर येणे ही कारणे असतात. गरोदरपणात लघवी वारंवार होणे बहुधा नैसर्गिक असते, पण जळजळ असेल तर तपासणी हवीच. बद्धकोष्ठाचा दाबही पिशवीवर पडतो.

घरी काय करता येईल

• पाणी तोडू नका, वेळ बदला. दिवसाच्या पहिल्या भागात भरपूर प्या. लघवीचा रंग फिकट पिवळा राहिला म्हणजे पाणी पुरेसे आहे. झोपण्याआधी दोन तास फक्त घोटभर. हृदय किंवा किडनीच्या रुग्णांनी डॉक्टरांनी सांगितले तेवढेच प्यावे.

• शेवटचा चहा दुपारी चारच्या आत. रात्रीच्या जेवणात पापड, लोणचे, सुकट कमी.

• पायांना सूज असेल तर कामावरून आल्यावर तासभर आडवे होऊन पाय उशीवर उंच ठेवा. पाण्याचा अंश आधीच निघून जातो. दम लागणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

• लघवी वाढवणारी बीपीची किंवा सुजेची गोळी रात्री घेत असाल तर ती सकाळी चालेल का, हे डॉक्टरांना विचारा.

• लघवी रोखताना जे स्नायू आवळतो ते पाच सेकंद आवळा, पाच सेकंद सैल सोडा. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. हा व्यायाम लघवी करताना करायचा नाही. फरक दिसायला साधारण तीन महिने लागतात.

• रात्री घाईने उठू नका. आधी अंथरुणात बसा, मग उभे राहा. वाटेत छोटा दिवा ठेवा, ओल्या फरशीवर पाय घसरणार नाही असे बघा. म्हाताऱ्या माणसाचे खुब्याचे हाड रात्रीच्या अशाच एका पडण्याने मोडते.

• संडास लांब असेल तर आजी-आजोबांसाठी झाकणाचे भांडे खाटेजवळ ठेवा. ते सकाळी धुण्यात कमीपणा नाही. आजारी माणसाची सेवाच आहे ती.

लगेच दवाखाना गाठा

लघवी पूर्ण अडकली आणि ओटीपोट फुगले. लघवीतून रक्त आले, मग ते न दुखता का असेना. थंडी वाजून ताप आणि पाठीत कळ. आडवे झाल्यावर श्वास कोंडणे. तसेच लहान मूल अचानक खूप पाणी पिऊ लागले, अंथरूण ओले करू लागले आणि रोड झाले, तर त्याच दिवशी साखर तपासा. लहान मुलांचा मधुमेह काही दिवसांत जिवावर बेततो.

कुठे जायचे

तीस वर्षांवरील प्रत्येकाची बीपी आणि साखर सरकारी आरोग्य केंद्रात मोफत तपासली जाते. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या केंद्रांत व रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. पुढची तपासणी किंवा ऑपरेशन लागले तर पुणे स्टेशनजवळ ससून रुग्णालय आहे. जाताना रेशन कार्ड आणि आधार सोबत न्या, आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपला उपचार बसतो का ते तिथे विचारा.

वर्षावासात विहारात संध्याकाळी ग्रंथवाचनाला वडीलधारी मंडळी जमतात. त्यातल्या एका संध्याकाळी आशाताईंना किंवा नर्सताईंना बोलवा, सगळ्यांची बीपी-साखर तपासून घ्या आणि प्रत्येकाला विचारा, “आजी, बाबा, रात्री किती वेळा उठता?” त्याच बैठकीत संडासाच्या वाटेवरच्या बंद दिव्यांची यादी करा आणि सगळ्यांच्या सहीने वॉर्ड ऑफिसला अर्ज द्या. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.