विलार्ड : सव्वाशे वर्षांचा संसार

ऑक्टोबर १८६९. न्यूयॉर्क राज्यातल्या सेनेका सरोवराच्या धक्क्यावर आगबोटीतून एका बाईला उतरवण्यात आलं. ती साखळदंडांत होती. आधीची दहा वर्षं तिने जिल्ह्याच्या निराधारगृहात काढली होती. ना अंथरूण, ना धड कपडा. विलार्ड मनोरुग्णालयाची ती पहिली रुग्ण.

असे हाल तिच्या एकटीचे नव्हते. गरिबाघरचं कुणी वेडं झालं की रवानगी निराधारगृहात व्हायची. डॉ. सिल्व्हेस्टर विलार्ड यांनी १८६४ मध्ये या ठिकाणांची पाहणी करून तिथली दैना विधिमंडळापुढे मांडली. पुढच्याच वर्षी ते वारले. बंद पडलेल्या शेतकी महाविद्यालयाच्या जागेवर राज्याने उभारलेल्या रुग्णालयाला त्यांचं नाव मिळालं.

इथे भरती व्हायची ती मुख्यतः ‘आता बरे होणार नाहीत’ असा शिक्का बसलेल्यांची. त्यामुळे माणसं येत गेली, जाणारी थोडी. १८७७ पर्यंत रुग्णांची संख्या पंधराशेवर पोचली. शेती, गोठा, शिवणकाम, धुलाई अशी कितीतरी कामं रुग्णच करायचे. एकूण पन्नास हजारांहून अधिक जण दाखल झाले; त्यांतले जवळजवळ निम्मे तिथेच वारले.

१९५० च्या दशकात मनोविकारांवर क्लोरप्रोमाझिनसारखी औषधं आली. १९६५ नंतर सरकारी आरोग्य योजनेने मोठ्या मनोरुग्णालयांतल्या प्रौढांचा खर्च उचलायला नकार दिला. वॉर्ड रिकामे होत गेले आणि १९९५ मध्ये विलार्डला टाळं लागलं.

आवराआवर करताना एका इमारतीच्या माळ्यावर चारशेच्या वर सुटकेसा सापडल्या. दाखल होताना काढून घेतलेल्या, मालकांना परत न मिळालेल्या. आत फोटो, पत्रं, सुईदोरा, दाढीचं सामान. २००४ मध्ये ऑल्बनीच्या राज्य संग्रहालयात त्यांचं प्रदर्शन भरलं.

दफनभूमीतल्या पावणेसहा हजारांच्या आसपास थडग्यांवर मात्र नुसते आकडे होते. त्यांतली सुमारे पंधराशे लॉरेन्स मोचा या रुग्णाने खणली. पूर्वी खिडक्या पुसून पोट भरणारा हा माणूस १९६८ मध्ये वारला आणि तिथेच पुरला गेला. त्याच्या नावाची पाटी लागायला २०१५ उजाडलं. रुग्णाची माहिती गोपनीय असते, या नियमावर बोट ठेवून राज्याच्या मानसिक आरोग्य विभागाने नावांची यादी अडवून धरली होती. नावं मागणाऱ्यांचा आक्षेप सरळ होता: मानसिक आजार ही लपवायची गोष्ट आहे, असं सरकारच ठरवून बसलं आहे.