सामील होण्याआधीच्या अटी

१ मे हा दिवस खानदेशात दोन कारणांनी पाळला जातो. कामगार दिन म्हणून आणि महाराष्ट्र दिन म्हणून. याच तारखेला, २००४ साली, युरोपातले दहा देश एकाच दिवशी युरोपीय संघात सामील झाले. त्यात स्लोव्हेनिया नावाचा एक देश होता. त्याची लोकसंख्या सुमारे २० लाख. २०११ च्या जनगणनेत आमच्या धुळे जिल्ह्याची लोकसंख्या साडेवीस लाख भरली. म्हणजे धुळे जिल्ह्याएवढा देश! लहान राज्ये टिकत नाहीत असे आम्हाला ऐकवणाऱ्या विद्वानांनी एकदा हा हिशोब करून पाहावा.

पण आमचा मुद्दा आकाराचा नाही, अटींचा आहे. युगोस्लाव्हियातून १९९१ साली फुटून निघालेल्या या देशाने १९९६ साली संघाकडे अर्ज केला. १९९८ साली बोलणी सुरू झाली. शेती, न्यायव्यवस्था, व्यापार अशी एकतीस प्रकरणे एकेक करून उघडली, तपासली, मिटवली. त्याला २००२ चा डिसेंबर उजाडला. मार्च २००३ मध्ये जनतेचे मत घेतले, तेव्हा मतदान करणाऱ्यांपैकी जवळपास ९० टक्क्यांनी होकार दिला. आणि या सगळ्याच्या आधी, १९९३ साली कोपनहेगनला, संघाने दाराशीच अट लिहून ठेवली होती : लोकशाही हवी, कायद्याचे राज्य हवे, बाजारपेठ स्पर्धेला टिकणारी हवी, आणि अल्पसंख्याकांना संरक्षण हवे.

आता खानदेश महाराष्ट्रात कसा आला ते पाहू. विदर्भ आणि मराठवाड्याच्या पुढाऱ्यांशी २८ सप्टेंबर १९५३ रोजी नागपूर करार झाला. निधी, नोकऱ्या, शिक्षण यांबाबत शब्द दिला गेला. पुढे राज्यघटनेच्या ३७१ व्या कलमात विदर्भ आणि मराठवाडा ही नावे आली. खानदेश आधीपासूनच मुंबई राज्यात. मग त्याच्याशी बोलणी कोण करणार? घरातल्या माणसाला कोणी आमंत्रण देत नाही. त्या कलमात आम्ही 'उर्वरित महाराष्ट्र' झालो. १९९४ साली वैधानिक विकास मंडळे झाली, तेव्हाही आम्ही पुण्या-मुंबईबरोबर त्याच 'उर्वरित' गाठोड्यात. जळगावला स्वतंत्र विद्यापीठ मिळायला १९९० साल उजाडावे लागले. तोवर पदवीच्या प्रत्येक कामासाठी पुणे.

हा झाला खानदेशाचा हिशोब. खानदेशातल्या खालच्या माणसाचा हिशोब याहून वेगळा आहे. १९६० च्या पुनर्रचना कायद्यामागे एक परिशिष्ट आहे. नवापूर, नंदुरबार, अक्कलकुवा, तळोदा या तालुक्यांतली गावे त्याने गुजरातेत टाकली. डांगही तिकडेच गेला. ही मुलूखभर आदिवासींची वस्ती. स्लोव्हेनियाच्या माणसाला मतपत्रिका मिळाली. आमच्या भिल्ल, मावची, कोकणा बांधवांना परिशिष्टातला अनुक्रमांक मिळाला.

बाबासाहेबांनी हे सारे आधीच ओळखले होते. भाषावार राज्यांवरील त्यांचे पुस्तक १९५५ च्या अखेरीस आले. त्यात मराठी मुलखाची चार राज्ये सुचवली आहेत : मुंबई शहर, पश्चिम, मध्य आणि पूर्व महाराष्ट्र. पूर्व व पश्चिम खानदेश त्यांनी मराठवाड्याबरोबर मध्य महाराष्ट्रात घातले. एका भाषेचे राज्य म्हणजे एका मोठ्या जातीचे राज्य होण्याचा धोका, हे त्यांनी स्पष्ट मांडले. त्यावर उपायही सांगितला : राज्ये लहान ठेवा, आणि एका मतदारसंघातून दोन-तीन प्रतिनिधी निवडून आपली मते एकालाच देण्याची मुभा असलेली पद्धत आणा. खानदेश त्यांना नकाशावरून माहीत नव्हता. १९२९ साली याच चाळीसगावात टांगेवाल्यांनी त्यांना घेऊन जायला नकार दिला. सराव नसलेल्या आपल्याच एका माणसाने टांगा हाकला, पुलावर बाबासाहेब फेकले गेले आणि त्यांच्या पायाचे हाड मोडले. मराठी बोलणारा टांगेवाला मराठी बोलणाऱ्या बॅरिस्टरला टांग्यात बसवत नाही, तिथे नुसत्या भाषेच्या एकीने काय होणार?

तरीही आमची माणसे संयुक्त महाराष्ट्र समितीत उभी राहिली. १९५७ साली दादासाहेब गायकवाड शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे नाशिकमधून लोकसभेवर गेले. राज्य जन्मायच्या आधीच, १९५९ साली, खानदेशातला भूमिहीन जमिनीसाठी सत्याग्रहाला उतरला होता. त्याचा आम्हाला अभिमान आहे. न्यायाने सांगायचे तर नव्या राज्याने बौद्धांना सवलती दिल्या. केंद्राला त्यासाठी १९९० साल लागले. पण प्रतिनिधित्वाचे काय? दोन सदस्यांचे जे मतदारसंघ होते, तेही १९६१ च्या कायद्याने मोडीत निघाले. बाबासाहेबांनी सांगितले त्याच्या नेमके उलट!

कागदावर अट असली म्हणजे झाले, असेही आम्ही म्हणत नाही. त्याच स्लोव्हेनियाने फेब्रुवारी १९९२ मध्ये २५,६७१ रहिवाशांची नावे नोंदवहीतून पुसली. ही माणसे जुन्या युगोस्लाव्हियाच्या इतर भागांतली, त्यात रोमाही. कोणाचे निवृत्तिवेतन बुडाले, कोणाला देशाबाहेर काढले. 'पुसलेले' हेच त्यांचे नाव पडले. संघात शिरण्याला महिनाही उरला नव्हता, तेव्हा, ४ एप्रिल २००४ रोजी, त्यांना हक्क परत देणाऱ्या कायद्यावर जनमत घेतले गेले. मतदान करणाऱ्यांपैकी सुमारे ९५ टक्क्यांनी नकार दिला. तरीही १ मेला स्वागताचे दरवाजे उघडलेच. न्याय आला तो २०१२ साली, स्ट्रासबुर्गच्या मानवी हक्क न्यायालयातून, आणि ते न्यायालय त्या संघाचे नव्हेच. एकतीस प्रकरणांच्या बोलण्यांत पुसलेल्यांचा एकही माणूस टेबलाशी नव्हता.

त्याच दिवशी हंगेरीही संघात गेली. तिथल्या रोमा समाजालाही कागदी संरक्षण पुरले नसावे, कारण तीनच वर्षांनी, २००७ साली, तिथे साजोकाझा गावात डॉ. आंबेडकरांच्या नावाची शाळा निघाली.

आजही जळगाव-धुळ्यात अधूनमधून स्वतंत्र खानदेशाची भाषा निघते, निवडणूक आली की जरा जोरात. आमचा त्याला आंधळा विरोध नाही, आंधळा पाठिंबाही नाही. गायरान कसणाऱ्या भूमिहीनाचे, सातपुड्यातल्या पाड्याचे आणि गावकुसाबाहेरच्या वस्तीचे कलम त्या मागणीच्या कोणत्या पानावर आहे, आणि ते लिहायला आमच्यापैकी कोण बसले होते, एवढे त्या पुढाऱ्यांनी आधी दाखवावे. सभेला आम्ही त्यानंतर येऊ.