गोगलगाईचा फुटका शंख

व्याख्यानमालेच्या पत्रकात या विषयाचे नाव वाचून पुष्कळांना हसू आले असेल. ज्या व्यासपीठावरून अर्थकारण, इतिहास, संतवाङ्मय असल्या भारदस्त विषयांचा ऊहापोह व्हायचा, तेथे गोगलगाईचे काय काम? ती येथवर पोहोचायला फार वेळ लागला, एवढेच तिच्या वतीने सांगतो.

पण विषय अगदीच पोरकट नाही. आणखी काही आठवड्यांनी मृग लागेल. आज वैशाखाच्या उन्हात दगडाखाली आणि कुंड्यांच्या बुडाशी दार लावून बसलेल्या गोगलगाई पहिल्या सरीबरोबर बाहेर पडतील आणि घरोघरची मुले त्यांतली एखादी उचलून बरणीत ठेवतील. मग ती केव्हातरी हातातून शहाबादी फरशीवर पडेल, शंखाचा टवका उडेल आणि मूल रडवेल्या चेहऱ्याने तुमच्यासमोर येऊन उभे राहील. त्या वेळी ‘दे फेकून आणि दुसरी आण’ हे सर्वांत सोपे उत्तर असते. त्याहून बरे उत्तर आहे, आणि ते देण्यासाठी शंख म्हणजे काय हे प्रथम समजून घेतले पाहिजे.

‘गोगलगाय आणि पोटात पाय’ ही म्हण आपण वरून गरीब व आतून कावेबाज अशा माणसाला लावतो. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने ती अक्षरशः खरी आहे. या प्राणिवर्गाचे शास्त्रीय नावच मुळी ‘उदरपाद’. म्हणीने पायाची गोष्ट बरोबर सांगितली, परंतु शंखाविषयी आपली समजूत मात्र बहुधा चुकीची असते. शंख हे गोगलगाईचे घर, असे आपण मुलांना सांगतो. मग मूल साहजिकच विचारते, की हे घर मोडले तर तिला दुसरे का देऊ नये? कोकणच्या किनाऱ्यावर शंखात राहणारा खेकडा पुष्कळांनी पाहिला असेल. त्याची गोष्ट वेगळी. तो दुसऱ्याच्या रिकाम्या शंखात भाडेकरू म्हणून राहतो आणि अंगाने वाढला की बिऱ्हाड बदलतो. गोगलगाय अंड्यातून बाहेर पडते तीच इवलासा शंख पाठीवर घेऊन, आणि मरेपर्यंत तोच शंख वाढवीत राहते. शंखाच्या मध्यभागी एक पिळदार खांब असतो. त्याला तिचा एक बळकट स्नायू कायमचा जखडलेला असतो. हृदय, फुप्फुस, पचनाची ग्रंथी ही सारी इंद्रिये शंखाच्या वेटोळ्यांतच असतात. तिला ओढून बाहेर काढणे म्हणजे ठार करणे होय. शंख हे घर नव्हे, शरीर आहे.

मग तो वाढतो आणि सांधतो कसा? यावर रेओम्यूर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७०९ साली एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. तापमापनाच्या एका जुन्या पद्धतीला ज्याचे नाव मिळाले, तोच हा गृहस्थ. त्याच्या वेळी दोन मते होती. एक मत असे, की शंख हाडाप्रमाणे स्वतःच आतून पोसला जाऊन वाढतो. दुसरे असे, की शरीरातून पाझरणारा रस थरावर थर चढवून त्याला वाढवतो. रेओम्यूरने बागेतल्या गोगलगाईंच्या शंखांना भोके पाडली. काही भोके उघडीच ठेवली. तेथे एका-दोन दिवसांत कोळ्याच्या जाळ्यासारखा पातळ पापुद्रा धरला आणि पुढे तो जाड होत गेला. दुसऱ्या काही शंखांत त्याने शरीर आणि भोक यांच्यामध्ये हातमोज्याच्या मऊ कातड्याचा तुकडा सरकवला. शंख जर स्वतः वाढत असता, तर भोकाच्या कडांपासून तो वाढून यायला हवा होता. तसे झाले नाही. भोक जसेच्या तसे राहिले आणि नवा थर धरला तो कातड्याच्या आतल्या, म्हणजे शरीराकडच्या बाजूला. वाद मिटला.

रस पाझरवणाऱ्या अवयवाला शास्त्रात प्रावार म्हणतात. आपण शाल म्हटले तरी चालेल, कारण शंखाच्या आतून ती अंगभर लपेटलेली असते. शालीच्या काठाचे काम निराळे आणि मधल्या भागाचे निराळे. शंखाच्या तोंडाशी जो काठ असतो, तो बाहेरचा तपकिरी पापुद्रा, रंग आणि पट्टे तयार करतो. मधल्या भागाला आतून पांढरा थर देण्यापलीकडे फारसे काही येत नाही. म्हणून शंखाची कड तुटली तर ती रंगासकट परत येते, फार तर एक वळ राहतो. मधल्या वेटोळ्यावर भोक पडले तर ते बुजते, पण ठिगळ पांढरे, बिनरंगाचे असते आणि जन्मभर तसेच दिसते. ठिगळ पांढरे राहिले म्हणून मुलाने काळजी करू नये.

आता जखम पाहू. टवका कडेचा असेल, तर काहीही करावे लागत नाही. तडा गेला असेल पण तुकडे जागच्या जागी असतील, तर त्यांना बोट लावू नये. आतला पापुद्रा त्यांना धरून ठेवतो. सुटे झालेले बारीक कण उकळून निववलेल्या पाण्याने हळूच धुऊन काढावेत. भोकातून ओलसर कातडी दिसत असेल आणि ती अखंड असेल, तर आशा पुष्कळ आहे. तेथे खरा शत्रू म्हणजे कोरडी हवा आणि मुंग्या. अशा वेळी काहीजण शंखावर गोंद लावतात, मेण ओततात, भोकात कापूस कोंबतात. रेओम्यूरचे कातडे आठवा! आत जे काही सारावे त्याच्या खालून नवा थर धरणार, आणि गोंदाचा दर्प व द्रावक त्या नाजूक अंगाला भोवणार ते वेगळेच. भोक मोठेच असेल तर अंड्याच्या टरफलाच्या आतला ओला पापुद्रा बाहेरून अलगद पसरतात. ओल टिकण्यापुरता त्याचा उपयोग. बाकीचे काम तिचे तिने करायचे.

शंखाचा चुरा होऊन आतली इंद्रिये फाटली असतील, किंवा शरीर मधल्या खांबापासून सुटले असेल, तर ती वाचत नाही. हे मुलाला स्पष्ट सांगावे. पुष्कळ घरांत अशा वेळी मीठ टाकण्याची पद्धत आहे. ती क्रूर आहे. मीठ अंगातले पाणी शोषत शोषत सावकाश मारते. मोठ्या माणसाने, मुलाला बाजूला पाठवून, जड दगडाचा एकच घाव घालावा. त्यात दया अधिक आहे.

वाचण्याजोगी असेल तिला एकटी ठेवावी. भांडे ठेंगणे घ्यावे, कारण गोगलगाय झाकणाला चिकटते आणि तेथून पुन्हा पडते. तळाशी ओली माती किंवा नारळाचा काथ्या घालावा, दगडगोटे काढून टाकावेत, झाकणाला भोके पाडावीत. रोज पाण्याचा शिडकावा करावा. ओल हवी, चिखल नको. काकडी, भोपळा, गाजर, कोवळी पाने नीट धुऊन द्यावीत, कारण भाजीवरचे औषध आपल्याला बाधले नाही तरी तिला बाधेल. आणि दर तासाला उचलून पाहू नये.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कॅल्शियम. शंखाचा बहुतेक सगळा भाग कॅल्शियम कार्बोनेटचा. खाण्यातून ते मिळाले नाही, तर गोगलगाय स्वतःच्याच शंखातून ते काढून घेते, शेजारणीचा शंखही खरवडते. घरात पांढऱ्या वस्तू पुष्कळ असतात, पण सगळ्या सारख्या नव्हेत. विड्याचा चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. तो दाहक आहे, तिचे अंग भाजून निघेल. फळ्यावरचा खडू पुष्कळदा जिप्समचा, म्हणजे सल्फेटाचा असतो. त्यावर भरवसा ठेवू नये. अंड्याचे टरफल मात्र शंखाच्याच जातीचे. ते उकळून, वाळवून, खलबत्त्यात बारीक कुटून सदैव पुढ्यात ठेवावे. समुद्रफेसाचा तुकडाही उत्तम. नावाने फेस, पण ते माकुळाच्या जातीतल्या एका समुद्रप्राण्याच्या पाठीतले कवच असते. कोणी विचारील, चुना जर भाजतो तर गोगलगाई पावसाळ्यात चुन्याच्या भिंती का खरवडतात? कारण भिंतीवर बसलेला चुना हवेतला कार्बन डायॉक्साइड घेऊन पुन्हा कार्बोनेट झालेला असतो. रसायनशास्त्र न शिकता तिला ते कळते.

मातीतच चुना कमी पडला तर काय होते, हे नेदरलँड्सच्या जंगलांत दिसले. आम्लपर्जन्याने तेथील जमिनीतले कॅल्शियम घटले, गोगलगाई कमी झाल्या, आणि त्यांचे शंख खाऊन अंड्यांच्या कवचाची बेगमी करणाऱ्या रामगंगा पक्ष्यांची अंडी पातळ, सच्छिद्र होऊ लागली. १९९४ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. एका शंखावर किती जणांचा संसार चालतो पाहा.

श्रोतेहो, तुमच्यांत शेतकरी असतील आणि ते मनातून रागावले असतील. त्यांचा राग रास्त आहे. आपल्या बागांत दिसणारी मोठी शंखी गोगलगाय मूळची पूर्व आफ्रिकेची; १८४७ साली बेन्सन नावाच्या शंखसंग्राहकाने ती मॉरिशसहून कलकत्त्यास आणली आणि तेथून ती देशभर पसरली. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, उस्मानाबाद या जिल्ह्यांत गोगलगाईंनी सोयाबीनची कोवळी रोपे फस्त केली. कित्येकांना दुबार पेरणी करावी लागली. ही गोगलगाय एका खेपेला शंभर-दोनशे अंडी घालते. अमेरिकेत तर ती परवान्यावाचून पाळण्यास बंदी आहे. म्हणून बरणीतल्या एकीची शुश्रूषा जरूर करावी, पण बरी झाल्यावर तिला बागेत, शेतात, दुसऱ्या गावी सोडू नये. अंडी दिसली तर उकळत्या पाण्यात टाकावीत. शेतकऱ्याचे पीक आणि मुलाची माया यांत मला विरोध दिसत नाही, झाकण मात्र घट्ट हवे. आणखी एक. हिच्या अंगात मेंदूला सूज आणणाऱ्या एका जंताची पिले असू शकतात. हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, आणि रांगत्या मुलाच्या हाती ती लागू देऊ नये.

दुखावलेली गोगलगाय बहुधा आत ओढून घेते, तोंडावर वाळक्या चिकाचा पडदा लावते आणि दिवसचे दिवस हलत नाही. ती मेली असे समजून लोक टाकून देतात. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये इजिप्तच्या वाळवंटातल्या गोगलगाईचा एक शंख रिकामा समजून २५ मार्च १८४६ रोजी पाटीवर डिंकाने चिकटवला होता. मार्च १८५० मध्ये कोणाच्या तरी लक्षात आले, की तोंडाशी ताजा पडदा दिसतो आहे. शंख कोमट पाण्यात ठेवला. गोगलगाय बाहेर आली, कोबीचे पान खाऊ लागली आणि पुढे सुमारे दोन वर्षे जगली.

तेव्हा हलत नाही म्हणून घाई करू नये. बशीत बोटभरही नाही इतके कोमट पाणी घेऊन तिला तासभर तोंडाच्या बाजूने टेकवून ठेवावे, भोकाला पाणी लागू देऊ नये, आणि दोन-चार दिवस हेच करून पाहावे. शंखातून दुर्गंधी सुटली, अंग लिबलिबीत होऊन बाहेर लोंबू लागले, तर मात्र ती गेली. तिला खोल पुरावी आणि बरणी उकळत्या पाण्याने धुवावी.